शांत खोली

आकांक्षाने माइकच्या तिन्ही बाजूंनी गोधड्या ओढून घेतल्या, कानांवर हेडफोन चढवला आणि लाल दिवा लागल्याचं पाहून वाचायला सुरुवात केली. चौथीच्या मुलांसाठीचा पाण्यावरचा पाठ होता. दुसऱ्याच वाक्याला आवाज छान लागला. तिसऱ्या वाक्यात 'विहीर' शब्दाच्या मागोमाग भिंतीपलीकडून दुसरा आवाज आला.

"एक बार."

ती थांबली.

"एक बार… एक बार…"

बाबांना पाणी हवं असेल, कूस बदलायची असेल, नाहीतर खिडकीत माकड येऊन बसलं असेल. या सगळ्यासाठी त्यांच्याजवळ शब्द एकच होता. रूपरावांनी तीस वर्षं मार्केट यार्डात सोयाबीन-तुरीचा हर्रास पुकारला होता. ढिगाशी उभं राहून ते भाव चढवत न्यायचे, एक बार, दो बार म्हणत थांबायचे, चारी बाजूंना पाहायचे. त्यांनी तीन बार म्हटलं की माल गेला. मग कोणी कितीही गयावया केली तरी सौदा फिरत नसे. गेल्या दिवाळीनंतर लकव्याने त्यांचं उजवं अंग गेलं आणि जिभेवरचे बाकीचे शब्दही गेले. एवढा एक उरला.

वर्ध्याच्या दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या मॅडमनी बजावून सांगितलं होतं, की त्यांना चूप करू नका. याच शब्दामागून पुढचे येतील, पण बोलणंच थांबलं तर हाही जाईल. मागच्या महिन्यात एका सकाळी "दो" आला होता. नुसता "दो", बार नाही. तरी आकांक्षाच्या आईने, कोकिळाबाईंनी, त्या दिवशी गल्लीत गूळ वाटला होता.

आकांक्षाने हेडफोन उतरवला आणि बाबांना पाणी पाजून आली. पुण्याच्या एका कंपनीला शाळेच्या पुस्तकांचं वाचन ध्वनिमुद्रित करून हवं होतं. काम वर्षभराचं आणि घरी बसून करायचं. ते मिळालं असतं तर बाबांना आईच्या एकटीच्या गळ्यात टाकून नागपूरला नोकरी शोधायला जायची पाळी आली नसती. तिचा आवाज कंपनीला पसंत होता. पण तिने दोनदा पाठवलेला नमुना दोन्ही वेळा परत आला होता आणि शेरा एकच होता: पार्श्वभूमीला माणसाचा आवाज. तिसरा नमुना सोमवारपर्यंत द्यायचा होता, तोच शेवटचा.

रात्री ध्वनिमुद्रण करावं म्हटलं तर वर्ध्याजवळच्या त्यांच्या तळेगावात हायवेवरचे ट्रक आणि गल्लीतली कुत्री दम घेऊ देत नसत. दुपारी गल्ली शांत असे, पण तेव्हा आई अंगणवाडीत असे आणि घरात दोघंच, बाप आणि लेक.

म्हणून तिने वर्ध्याला जाऊन साउंड सिस्टिमवाल्या अश्विनच्या दुकानातून दोन माइक आठ दिवसांच्या बोलीवर आणले होते. अश्विन तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा भाऊ, त्यामुळे त्याने मनापासून समजावून सांगितलं. मोठा माइक खरा व्हॉइस-ओव्हरचा. त्यात आवाजाचा कण न् कण येतो, पण तो खोलीतलं काहीच सोडत नाही. दुसरा तोंडाशी धरून बोलायचा, स्टेजवरच्या गायकांचा. त्याला समोरच्याशिवाय फारसं ऐकू येत नाही, पण त्यात आवाज जाडाभरडा होतो, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा.

"तुयी खोली शांत असंन तर मोठाच घे," तो म्हणाला होता. "नसंन, तर मंग दुसऱ्यावर भागव. माइक काई खोली बदलवत नाई."

तिने मोठा माइक पुन्हा सुरू केला. विहिरीपाशी आली आणि पुन्हा "एक बार". तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा पाठ संपायला एक ओळ राहिली होती, इतका सुरेख वाचला होता की तिचं तिलाच कौतुक वाटायला लागलं होतं, आणि नेमका तेव्हा. मग मात्र तिचा तोल गेला. ती तणतणत पलीकडे गेली आणि बाबांच्या खाटेशी उभी राहिली.

"बाबा, चूप राहा नं आता! तुमच्या आवाजापाई मायं काम चाललं हातचं."

रूपराव तिच्याकडे पाहत राहिले. त्यांना किती कळतं हे घरात कोणालाच नीट माहीत नव्हतं. म्हणून तिने उघड्या दारातून दिसणाऱ्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं, मग तेच बोट ओठांवर ठेवलं. लहान मुलाला शिकवावं तसं दोनदा करून दाखवलं. रूपरावांनी मान हलवली. ते पाहून तिला ओशाळल्यासारखं झालं, पण त्या दिवशी तिने पुन्हा दिवा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने गायकांचा माइक लावला. पूर्ण पाठ झाला, मागे काही नाही. आवाज मात्र अश्विन म्हणाला होता तसाच भरडा आला. तिसऱ्या दिवशी खात्रीसाठी तिने मोठा माइक पुन्हा लावला. पाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत झाला. हेडफोन कानांवर दाबून तिने तो तीन वेळा ऐकला. विहीर होती, विहिरीतलं पाणी होतं, शब्दांमधल्या जागा स्वच्छ होत्या. बाबांना दुपारची झोप लागायला लागली असेल, असं तिने मानलं. माणसाला सोयीचं तेच पटकन पटतं. तिने नमुना पाठवला आणि मोठाच माइक ठेवते म्हणून अश्विनला फोन केला.

सोमवारी चारच्या सुमाराला कंपनीचं उत्तर आलं. निवड झाली होती. खाली लिहिलं होतं: आवाज उत्तम, खोली पूर्ण शांत. वर्षभर हाच माइक आणि हीच खोली ठेवावी. आकांक्षा ते आईला वाचून दाखवायला बाबांच्या खोलीत गेली. कोकिळाबाई नुकत्याच अंगणवाडीतून आल्या होत्या आणि रूपरावांच्या गळ्याशी असलेला दुपट्टा बदलत होत्या. त्यांनी बातमी ऐकली, "बरं झालं बाई," म्हणाल्या, पण हातातला दुपट्टा खाली ठेवला नाही.

"हा पाह्य," त्यांनी दुपट्ट्याचं टोक पुढे केलं. "रोज आली का हा असा ओला राह्यते."

टोक लाळेने भिजलेलं होतं आणि त्यावर दातांचे वळ होते. काही जागी दोरे तुटले होते.

"अन् चार दिवस झाले," कोकिळाबाई म्हणाल्या, "यायनं एक सबद नाई काढला. मी मुद्दाम पाणी दूर ठेवून पाह्यलं. हातानं दाखवते, बोलत नाई. तुह्यापाशी तरी बोलले का?"

आकांक्षाने दातांच्या वळांवरून बोट फिरवलं. चार दिवस म्हणजे कधीपासून, हे मोजायची तिला गरज नव्हती. आपण नुसता माइक निवडला असं ती समजत होती, आणि इकडे बाबांनी दातांखाली कापड धरून तिच्यासाठी खोली शांत केली होती.

ती धावत गेली. माइक, स्टँड, वायरी, लॅपटॉप, सगळं उचलून आणलं आणि खाटेशी मांडलं. माइक बाबांच्या तोंडासमोर ठेवला, आवाज पूर्ण चढवला आणि हेडफोन लावला. खरंच त्या माइकने काही सोडलं नाही. भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं, आईची बांगडी, बाहेर कौलांवर कावळ्याची नखं. बाबांचा श्वास आत गेला आणि अडखळत बाहेर आला. जीभ टाळूला चिकटून सुटल्याचं ऐकू आलं. शब्द आला नाही.

"बाबा, बोला नं," ती म्हणाली. "चुकलं मायं. कितीबी बोला. काम गेलं तं जाऊ द्या."

रूपरावांनी लाल दिव्याकडे पाहिलं. मग धडधाकट असलेला डावा हात हळूहळू वर आणला आणि बोट ओठांवर ठेवलं. तिलाच चूप केलं.

आकांक्षाने वायर उपटली. दिवा विझला. तिने हेडफोन काढून खाली टाकला आणि खाटेच्या कडेला बसली. बाबांचं बोट ओठांवरच होतं.

"एक बार," ती म्हणाली, अगदी त्यांच्याच चालीत, शेवटी जरा ओढून.

तिने वाट पाहिली. कोकिळाबाई दुपट्टा छातीशी धरून उभ्या राहिल्या.

"दो बार."

रूपरावांनी नेहमीसारखं आधी इकडे पाहिलं, मग तिकडे, जणू कुठून तरी आणखी एक बोली येणार होती. मग त्यांनी डोळे तिच्याकडे वळवले. बोट हललं नाही.

'तीन बार' आकांक्षाच्या ओठांपर्यंत आलं होतं. म्हटलं असतं तर हा सौदाही फिरला नसता. तिने तोंडावर हात ठेवला आणि ते बाहेर पडू दिलं नाही.