भरतीच्या प्रकरणातलं एक वाक्य

शनिवारी जेवणं आटोपली तशी बाबांनी खोलीतून हाक मारली. "मोजपट्टी, ये गं. भरती तयार आहे."

"आधी तिला भांडी आवरू द्या," आई म्हणाली. "समुद्र काही पळून जात नाही."

"दिवसातून दोनदा जातो," आतून उत्तर आलं.

मोजपट्टी म्हणजे मी. बाबांनी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं आणि सोबत सामान्य वाचकांसाठी पुस्तकं लिहिली. त्यांची पद्धत ठरलेली होती. प्रकरण लिहून झालं की ते मला मोठ्याने वाचून दाखवायचे. मला कळलं तर समासात शिसपेन्सिलीने बरोबरची खूण, नाही कळलं तर तो मजकूर पुन्हा लिहायचा. मी बारा वर्षांची असताना हे सुरू झालं. आता मी त्रेचाळीस वर्षांची आहे, कायद्याच्या कागदपत्रांची भाषांतरं करते, हाताला लागेल ते वाचते. पण विज्ञानाशी माझा संबंध बाबांच्या टेबलासमोरच्या खुर्चीपुरताच. "हिला कळलं की कुणालाही कळेल," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत. हे कौतुक आहे की काय आहे, असं आई दर वेळी विचारायची.

त्या दिवशीचा प्रश्न असा होता. चंद्र समुद्राचं पाणी ओढतो, म्हणून त्याच्या समोरच्या बाजूला भरती येते, हे ठीक. पण त्याच वेळी पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूलाही भरती असते, ती का? बाबा वाचू लागले. चंद्राची ओढ जवळच्या पाण्यावर सगळ्यात जास्त, पृथ्वीवर त्याहून कमी, पलीकडच्या पाण्यावर सगळ्यात कमी. म्हणून पलीकडचं पाणी मागे राहतं.

मध्येच ते थांबले. "इथे एक वाक्य आहे, मला जरा जड वाटतंय. काढलं तर अडेल तुझं?"

ते वाक्य त्यांनी वाचलं तेव्हा माझं लक्ष घड्याळाकडे होतं. चार वाजता मैत्रिणीकडे पोहोचायचं होतं. पाणी कुणाच्या मागे राहतं, कुठे जाताना राहतं, मला काहीही कळलं नव्हतं.

"नाही अडत. काढा."

"नक्की?"

"समजलं, बाबा."

त्यांनी त्या वाक्यावर रेघ मारली, समासात काहीतरी लिहिलं, खूण केली आणि खुर्चीत मागे रेलून हसले. त्या हसण्यासाठी मी बऱ्याचदा 'समजलं' म्हणत आले होते. दर वेळी नाही, पण बऱ्याचदा.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर आई त्यांना उठवायला गेली. ते उठले नाहीत.

दीड महिन्याने छापखान्यातून पुस्तकाची मुद्रितं आली. ती तपासायला घरात दुसरं कुणी नव्हतं. मी आठवड्याची रजा टाकली आणि बाबांच्या टेबलाशी बसले. त्यांच्या खुर्चीत नाही, माझ्या. अकरा प्रकरणं सरळ गेली. बाराव्यात, एकशे अठ्ठेचाळिसाव्या पानावर, ते पाणी पुन्हा मागे राहिलं आणि मी तिथेच अडकले.

या वेळी विचारायला कुणी नव्हतं, म्हणून 'समजलं' म्हणायलाही कुणी नव्हतं. मी ते पान पाच वेळा वाचलं. मग कपाटातून त्यांचं हस्तलिखित काढलं. खोडलेलं वाक्य रेघेखाली स्पष्ट दिसत होतं: 'हे लक्षात ठेवावं की पृथ्वीसुद्धा सतत चंद्राकडे पडतच असते, तिला आडवा वेग आहे, म्हणून ती त्याच्यावर जाऊन आदळत नाही, एवढंच.'

पृथ्वी पडते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे, सांगितलं होतं. मी घड्याळ बघत होते. तरी लगेच उजेड पडला असं नाही. दोन दिवस गेले. आकृत्या काढल्या, फाडल्या. तिसऱ्या दिवशी मी आईला स्वयंपाकघरातून ओढून आणलं.

"मला नको तुमचं ते," ती म्हणाली. "चाळीस वर्षं दाराबाहेर राहिले, आता कशाला आत घेतेस?"

"पाच मिनिटं. समज, तिघं जण एका रांगेत एकाच दिशेने चाललेत. पुढचा भराभर, मधला बेताने, शेवटचा रमतगमत. मधल्याला काय दिसेल?"

"काय दिसणार? पुढचा लांब चाललाय."

"आणि मागचा?"

आईने टेबलावर बोट टेकवलं, मग दुसरं, मग तिसरं. बोटं सरकवून पाहिली. "तोही लांबच पडतोय की."

"मधली पृथ्वी. पुढचं अलीकडचं पाणी, मागचं पलीकडचं. तिघंही चंद्राकडे पडतायत. म्हणून पाणी दोन्ही बाजूंनी पृथ्वीपासून दूर जातं. दोन्हीकडे भरती."

ती बराच वेळ आपल्या बोटांकडे पाहत राहिली. "ह्यांनी मला कधी का नाही सांगितलं असं?" मग पदराने टेबल उगाचच पुसत म्हणाली, "हेच आहे ना पुस्तकात? बरं लिहिलंय."

पुस्तकात ते नव्हतं. पानं सोमवारी छपाईला जाणार होती. शुक्रवारी सकाळी मी हस्तलिखित घेऊन संपादकांच्या कचेरीत गेले.

संपादक बाबांचे जुने विद्यार्थी. खोलीत कागदांचे गठ्ठे होते आणि बसायला एकच रिकामी खुर्ची. मी वाक्य दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं.

"ताई, सरांनी स्वतः खोडलंय हे."

"हो. पण त्याशिवाय पान कळत नाही."

"मला तर कळतं."

"तुम्ही भौतिकशास्त्र शिकलात. पुस्तक तुमच्यासाठी नाही."

ते हसले, पण मान हलवली. "सरांच्या मजकुराला मी हात लावत नाही. ते असताना लावला नाही, आता कसा लावू? एकदा एक स्वल्पविराम हलवला होता, तर फोनवर अर्धा तास ऐकलं मी."

"हे त्यांचंच वाक्य आहे."

"आणि काढायचा निर्णयही त्यांचाच." त्यांनी हस्तलिखित माझ्याकडे वळवलं आणि समासावर बोट ठेवलं. "बघा, कारणसुद्धा दिलंय. 'मोजपट्टीला याशिवाय कळलं. काढावं.' मोजपट्टी म्हणजे तुम्हीच ना?"

ती ओळ मी तीन दिवस पाहत होते. उत्तर देणं सोपं होतं. संध्याकाळी बाबांचा विचार बदलला, ते मला तसं म्हणाले, एवढं सांगितलं असतं तर या माणसाने एका क्षणात वाक्य परत घातलं असतं. कुणी तपासणार नव्हतं. पण तसं बोलून मी त्याच खुर्चीत पुन्हा जाऊन बसले असते.

"मीच," मी म्हणाले.

"मग? सर तुम्हाला विचारल्याशिवाय पान पुढे जाऊ देत नसत. आम्हाला वर्गात सांगायचे, माझी मुलगी कधी खोटी मान डोलावत नाही."

बाहेर कुणीतरी गठ्ठा जमिनीवर टाकल्याचा आवाज झाला. मी हस्तलिखितावर हात सपाट ठेवला.

"डोलावते. त्या दिवशी डोलावली. त्याआधीही. कोणत्या कोणत्या पानांवर, ते मी शोधून काढेन. त्यांची सगळी पुस्तकं पहिल्यापासून वाचायला घेतली आहेत. पण हे पान सोमवारी जातंय, म्हणून हे आज."

संपादकांनी चष्मा खाली घेतला.

"त्यांनी 'नक्की?' म्हणून विचारलं होतं," मी म्हणाले. "मला समजलं नव्हतं. तेव्हा हे मी त्यांना म्हणाले नाही. मला समजलं नव्हतं."