केशवराव गोवळकोंडा चढतात

हैदराबादच्या गौलीगुड्यातल्या मंगलानं गाइडचं लायसन काढलं, तेव्हा घरात कुणी विरोध केला नाही. हे खूळ महिन्याभरात आपोआप उतरेल, अशी सगळ्यांची खात्रीच होती. नवरा सुरेश तेवढा म्हणाला, "हौस आहे ना, मग भागवून घे."

दिवसच तसे होते. शहरात नव्या नव्या कंपन्या येत होत्या, हिमायतनगरात काचेच्या दारांची चकचकीत दुकानं उघडत होती आणि गोवळकोंड्यावर रोज संध्याकाळी रंगीत दिव्यांत वेढ्याची गोष्ट ऐकवली जात होती. बायकांनीही किल्ला दाखवावा, असं पर्यटन खात्याच्या मनात आलं. खात्यानं शिकवलं, परीक्षा घेतली, गळ्यात बिल्ला घातला. पण गिऱ्हाईक कुठून आणायचं हे काही शिकवलं नाही. येणारे पाहुणे मंगलाच्या साडीकडे नि चपलांकडे एक नजर टाकत आणि तिला वळसा घालून हनीफमियाँ या जुन्या गाइडकडे जात. हनीफमियाँ माणूस भला. "सबर करो बहेन," म्हणायचे आणि गिऱ्हाईक घेऊन चालू लागायचे.

जानेवारीतल्या एका सकाळी किल्ल्याच्या बाला हिसार दरवाज्यापाशी पांढरी मारुती थांबली. तिच्यातून एक तरुण जोडपं उतरलं आणि पाठोपाठ पांढरी काठी टेकत एक उंच, सडपातळ म्हातारा. केशवराव पुण्यातल्या शाळेत इतिहास शिकवत. निवृत्तीच्या आधीच काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले. बायको वारल्यावर मुलगी गौरी त्यांना हैदराबादेत आपल्या घरी घेऊन आली. जावई अविनाश संगणकाच्या कंपनीत होता. स्वभावानं चांगला, पण सासऱ्याला जपायचं म्हणजे खुर्चीत बसवून ठेवायचं, एवढंच त्याला कळत होतं.

"आमच्या बाबांना वरपर्यंत जायचंय," गौरी म्हणाली.

हनीफमियाँनी काठीकडे पाहिलं आणि मान हलवली. "नक्को साब. इत्ते पत्थरां हैं. गिर गए तो मेरेकू जवाब देना पडेंगा."

"मी तेच सांगतोय," अविनाश म्हणाला. "बाबा, वर जाऊन तुम्ही बघणार काय? इथंच सावलीत बसू. हे सगळं इथंच सांगतील."

केशवराव शांतपणे म्हणाले, "तीस वर्षं मी हा किल्ला फळ्यावर काढला. आता एकदा पायाखाली घ्यायचाय."

मंगला बाजूलाच उभी होती. मराठी कानावर पडलं आणि तोंडातून शब्द निघूनच गेले, "मी नेते की, काका. चढायला काही नाही, उतरताना जरा परेशानी होते बघा."

अविनाश काही म्हणायच्या आत गौरीनं "चला" म्हटलं.

दरवाज्याशी उभं राहून तिनं पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "इकडं पहा, ही कमान. वर पहा, चुन्यातले मोर—" एवढ्यात तिच्या ध्यानात आलं. तिचं प्रत्येक वाक्य 'पहा'नं सुरू होत होतं. ते एक काढलं तर शिल्लक काय राहतं?

तिनं दाराकडे पाहिलं. "काका, हात पुढं करा. जपून."

केशवरावांच्या बोटांना दारावरचा लोखंडी सुळा लागला. त्यांनी त्याच्या टोकावर अंगठा टेकला, मग पंजा पसरून शेजारचा सुळा शोधला, मग वरचा.

"हत्तींसाठी," ते पुटपुटले. "वर्गात सांगायचो. पण हे एवढे जाड असतील असं नव्हतं वाटलं."

आत शिरल्यावर नगिना बाग लागते. तिथल्या एका दगडावर त्यांना बसवून मंगलानं वेढ्याची गोष्ट सांगितली. औरंगजेबाची अफाट फौज आठ महिने बाहेर बसून होती, पण किल्ला तोफांना दबला नाही की सुरुंगांना. भिंतीखाली पेरलेले सुरुंग आतल्यांनी हुडकले, पाणी ओतून विझवले, आणि जे पेटले ते उलटून मोगलांवरच फुटले. शेवटी एका सरदारानं लाच खाऊन दार उघडलं. फौज आत घुसली तेव्हा सुलतानाचा इमानी सरदार अब्दुर रज्जाक लारी मूठभर सोबती घेऊन घोड्यावरून तिच्यावर तुटून पडला.

"खूप लढला बिचारा. सत्तरावर जखमा झाल्या. मग या बागेत एका नारळाखाली पडला. दुसऱ्या दिवशी लोकांनी उचलून नेला."

"मधलं गाळलंत, बाई," केशवराव म्हणाले.

मंगलानं गौरीकडे पाहिलं. गौरीनं नजर खाली वळवली.

"कपाळावरची कातडी फाटून डोळ्यांवर आली होती त्याच्या," केशवरावच सांगू लागले. "काही दिसत नव्हतं. त्यानं लगाम सैल सोडला. घोडा नेईल तिकडे गेला, आणि घोड्यानं त्याला इथवर आणलं. मला वाईट वाटेल म्हणून गाळलंत ना?"

"हौ, काका," मंगला हळूच म्हणाली. "चुकलं माझं."

"अहो, याच्यासाठीच तर मी आलो. शत्रूनंसुद्धा त्याच्यावर आपले वैद्य लावले, इतका तो माणूस मोठा. बरा झाला तेव्हा बादशहानं चाकरी देऊ केली. तर म्हणाला, ज्यानं सुलतान अबुल हसनचं मीठ खाल्लं, त्याला दुसऱ्याची चाकरी जमायची नाही." ते काठी सावरून उठले. "चला. हात धरू नका माझा. मला तुमचा खांदा द्या."

गौरी खालीच थांबली. दरवाज्याच्या घुमटाखाली वाजवलेली टाळी थेट किल्ल्याच्या माथ्यावर ऐकू येते; तासाभरानं तिनं ती अधूनमधून वाजवत राहायची, असं ठरलं. अविनाश कुरकुरत मागून निघाला.

वाटेत भिंतीत भाजलेल्या मातीचे जुने नळ दिसतात. फुटक्या नळाच्या तोंडात केशवरावांनी बोटं घातली, तेव्हा मंगलानं रहाटांनी पाणी टप्प्याटप्प्यानं वर कसं चढवत ते सांगितलं. तटाला टेकून उभे असताना तिनं कुत्र्याची गोष्ट काढली. रात्री मोगल शिड्या लावून चढत होते, पहारेकरी झोपले होते आणि एक भटकं कुत्रं भुंकत सुटलं. किल्ला वाचला. सुलतानानं कुत्र्याच्या गळ्यात सोन्याचा पट्टा घातला. केशवराव मोठ्यानं हसले. मग अविनाशही हसला, आणि बाबा असे हसलेले आपण बऱ्याच दिवसांत ऐकले नाहीत, हे त्याच्या ध्यानात आलं.

पुढची चढण मात्र वाईट. झिजलेल्या, लहानमोठ्या उंचीच्या पायऱ्या. एका वळणावर केशवरावांचा बूट सटकला आणि ते गुडघ्यावर आपटले. पँट फाटली, रक्त आलं.

"पुरे झालं!" अविनाशनं त्यांना दंडाला धरून बसवलं. "बाई, तुम्ही तरी ऐका. उतरू या."

मंगलालाही क्षणभर उतरावंसं वाटलं. हनीफमियाँनी सांगितलं ते खोटं नव्हतं. पण केशवराव ना चिडले, ना कण्हले. रुमाल गुडघ्याला बांधत ते म्हणाले, "अविनाश, पडलो ते मी. थांबायचं कधी, तेही मला ठरवू दे."

मंगलानं त्यांच्या पायांकडे पाहिलं. गुळगुळीत तळव्यांचे, नवेकोरे बूट.

"काका, बूट काढा. मोजेसुद्धा."

अनवाणी पाय दगडावर टेकले आणि त्यांची चालच बदलली. पाऊल आधी कड चाचपायचं, खोबण शोधायचं, मग भार टाकायचं. मंगला पुढून सांगत होती, "ही उंच आहे. आता सपाट. डाव्या अंगाला भिंत." बूट हातात घेऊन अविनाश मागून येत होता.

माथ्यावरच्या बारादरीच्या गच्चीवर पोचले तेव्हा चारी बाजूंनी वारा अंगावर आला.

"मोगलांची छावणी कुठल्या अंगाला होती?" केशवरावांनी विचारलं.

मंगलानं त्यांचे खांदे धरून त्यांना वळवलं. "ही आता तुमच्या तोंडासमोर. आता तिथं घरं झालीत. त्यापलीकडं माळ, मोठमोठे खडक."

"त्या वर्षी पाऊस उतरला तो असा, की छावणीत चिखल झाला, धान्य येईना, रोगराईनं माणसं पटापट मेली," केशवराव बोलू लागले. आवाज वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "वेढा घालणारेच उपाशी, आणि वेढ्यात अडकलेले ताठ! हा किल्ला हरलाच नाही हो. तो विकला गेला."

आसपासची माणसं वळून पाहू लागली. करीमनगरकडून आलेल्या सहलीतल्या मुली जवळ सरकल्या. त्यांना मराठी कळत नव्हतं, म्हणून मंगला एकेक वाक्य तिच्या मोडक्यातोडक्या तेलुगूत सांगू लागली. म्हातारा वाऱ्याला तोंड देऊन उभा, पाय अनवाणी, गुडघ्याला लाल डागाचा रुमाल. मंगलानं हा वेढा कितीदा तरी घोकला होता. आज पहिल्यांदा तिच्या अंगावर काटा आला.

मधेच केशवरावांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मंगलाला काहीच ऐकू आलं नव्हतं. मग आली. अगदी बारीक, पण स्वच्छ टाळी. पुन्हा एक.

"गौरी आहे," केशवराव म्हणाले. "लहानपणापासून टाळीचा ताल चुकतो तिचा." आणि त्यांच्या मिटल्या पापण्यांखालून पाणी गालावर ओघळलं. त्यांनी ते पुसलं नाही.

उतरायला दुप्पट वेळ लागला. या वेळी मंगलाच्या शेजारी अविनाश होता आणि एकेक पायरी तोच सांगत होता. पहिल्यांदा चुकला, मग त्याला जमलं. खाली गौरी धावत आली. गुडघा बघून रागावली आणि रागावता रागावता वडिलांना बिलगली. हनीफमियाँनी आपल्या थर्मासमधला चहा ओतून कप केशवरावांच्या हातात दिला. मग मंगलाकडे वळून एवढंच म्हणाले, "मैं नै ले जा सकता था, बहेन."

गाडीत बसता बसता केशवरावांनी विचारलं, "मंगलाबाई, सुलतानांच्या कबरी इथून जवळच आहेत ना? पुढच्या शनिवारी मोकळ्या आहात?"

"बाबा, आधी गुडघा बरा होऊ दे," गौरी म्हणाली.

"शनिवारी मी आणतो त्यांना," अविनाश म्हणाला. "बूट न घालता."