पलंगाखालची खोकी

मामींनी शेवटचं खोकं पायानंच पलंगाखाली ढकललं, वरची चादर जमिनीपर्यंत ओढली आणि दोन पावलं मागं सरून पाहिलं. एक कोपरा दिसतच होता. पुन्हा वाकल्या. पलंगावर सून बाळाला कुशीत घेऊन गाढ झोपली होती. तिच्या पाठीखाली बाळाच्या दुधाच्या पावडरची बत्तीस खोकी आहेत, हे तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक असून तरी काय करणार होती बिचारी!

बाहेर दुकानात मामा कुणाला तरी सांगत होते, "नाही हो. गाडीच आली नाही तर मी काय घरी पावडर काढू? हवं तर कपाट उघडून बघा." इतक्या मोकळेपणानं सांगत होते की क्षणभर मामींनाच वाटलं, खरंच नसेल.

पावडरची टंचाई सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. टंचाईच्या आदल्याच दिवशी मामांच्या दुकानी खोकी उतरली, हे नशीब. ती त्यांनी आतल्या खोलीत हलवली, ही अक्कल. निदान मामा तरी तसंच म्हणत. शहरापलीकडचा एक व्यापारी चौपट भाव द्यायला तयार होता. त्याचा टेम्पो आज पाच वाजता यायचा होता. "काळाबाजार म्हणजे काय गं?" मामा मामींना समजावत. "लोकांना हवंय, आपल्याकडे आहे. थोडं थांबायचं, एवढंच. चोरी केली का आपण?"

चोरी नव्हती, खरंच. मग जिवाची अशी उलघाल कशाला? मामी मोरीत गेल्या, हात धुतले, बाहेर आल्या, पुन्हा धुवायला गेल्या. घड्याळात साडेचार वाजून गेले होते. टेम्पो एकदाचा येऊन जाऊ दे, म्हणजे सुटलो, असं त्यांनी स्वतःला चारदा तरी बजावलं. गेले आठ दिवस त्यांना गिऱ्हाइकासमोर उभं राहवत नव्हतं. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणायची. मामीच्या तोंडावर कुणी संशय घेत नाही, म्हणून मामा मुद्दाम त्यांनाच पुढे करत.

"अगं ये, इकडे बस जरा," मामांनी हाक मारली. "मी कोपऱ्यावर जाऊन बघतो, पोलीसबिलीस नाही ना कुणी."

"आणि पावडर मागायला कुणी आलं तर?"

"नाही म्हणायचं. रोज म्हणतेसच की. आज काय जीभ झडणार आहे?"

मामी स्टुलावर बसल्या. मामा गेले आणि पाचच मिनिटांत समोरची शिलाईवाली रस्ता ओलांडून आली. कडेवर तिची चार महिन्यांची पोर, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. तिनं तोंड उघडायच्या आत मामी म्हणाल्या, "नाही गं बाई. गाडी आलीच नाही."

"मागायला नाही आले, मामी." शिलाईवालीनं डबा काउंटरवर ठेवला. "द्यायला आले. माझ्या नणंदेनं गावाकडनं एक पाकीट धाडलंय. त्यातलं अर्धं आणलं."

मामींना काही कळेचना. "अर्धं? कुणाला?"

"तुमच्या नातवाला, अजून कुणाला! काल दिवसभर रडत होता, आम्हाला ऐकू येत होतं. सुनेला दूध नाही, ते मला माहीत आहे. तुमच्या दुकानातच नाही म्हटल्यावर पोरानं करायचं काय?" ती हसली. "मी हिला पातळ करून पाजतेय. तुम्हीही तसंच करा. दोन-तीन दिवस निघतील. आत ओतून घ्या नि डबा तेवढा परत द्या, माझ्याकडे एकच आहे."

नातू रडत होता तो जास्त पिऊन पोट फुगल्यामुळं. मामींची नजर पोरीच्या मनगटावर गेली. काळा दोरा सैल होऊन तळहातावर उतरला होता. त्यांनी डबा उचलला आणि त्या आत गेल्या.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर नातवासाठी फोडलेलं पाकीट होतं. मामींनी डब्याचं झाकण काढलं. आत जेमतेम निम्म्यापर्यंत पावडर होती, चमच्यानं नीट सपाट केलेली. ती ओतून घ्यायला त्यांचा हात काही होईना. उलट त्यांनी स्वतःचं पाकीट उचललं आणि डबा काठोकाठ भरेपर्यंत त्यात उपडं केलं. थोडी पावडर ओट्यावर सांडली. झाकण दाबून लावावं लागलं.

त्या बाहेर आल्या तेव्हा मामा परतले होते आणि शिलाईवालीच्या पोरीला चुटक्या वाजवून हसवत होते.

शिलाईवालीनं डबा हातात घेतला आणि लगेच परत पुढे केला. "हे काय, मामी! घेतलंच नाहीत तुम्ही. माझ्यापाशी कसला संकोच?"

"घेतलं नाही. वरून घातलंय."

"घातलंय? कुठनं?"

मामांच्या चुटक्या थांबल्या. "अगं, ते जुनं पडलं होतं जरासं घरात, आपल्या बाळापुरतं—"

"पलंगाखाली बत्तीस खोकी आहेत," मामी म्हणाल्या.

शिलाईवालीनं आधी मामांकडं पाहिलं, मग मामींकडं. मामांकडं पाहताना तिच्या डोळ्यांत राग होता. मामींकडं पाहताना तोही नव्हता, आणि ते मामींना फार लागलं. तिनं डबा काउंटरवर आपटला. मग पोर कुरकुरली तसा तो पुन्हा उचलून पोटाशी धरला.

"काल तीनदा येऊन गेले मी, मामी," एवढंच म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

ती घरी गेली नाही. शेजारच्या दाराची कडी तिनं वाजवली, मग त्यापुढच्या.

"सगळ्या गल्लीला सांगत सुटलीय!" मामा शटरकडे धावले. "डोकं फिरलंय का तुझं? पाच वाजत आले. आत हो आधी, शटर ओढतो."

मामींनी स्टूल उचललं, बरोबर शटरखाली उंबऱ्यावर ठेवलं आणि त्यावर बसल्या.

"ऊठ, सांगतो ना!"

गल्लीच्या एका तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. दुसऱ्या बाजूनं दोन बाया लगबगीनं येत होत्या. एकीनं पदर खोचलेला होता, दुसरीच्या खांद्यावर बाळ होतं. मामींनी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.

"आत जाऊन खोकी काढा," त्या मान न वळवता म्हणाल्या. "आणि हळू. सून झोपलीय."