खोली रिकामी असावी

कुलूपवाल्याच्या दुकानामागे एक खोली होती. तिच्यात तो जुनी कुलपं, गंजलेल्या कड्या आणि कुणी परत न नेलेली दारं ठेवायचा. पालिकेने भाडेमदत वाढवल्याचं कळलं तेव्हा त्याने ती खोली रिकामी केली, भिंतींना रंग दिला, खिडकीला नवी काच बसवली. आधी ही मदत फक्त लहान मुलं असलेल्या कुटुंबांना मिळायची. आता डोक्यावर छप्पर नसलेल्या कुणालाही मिळणार होती. भाड्याचा मोठा हिस्सा पालिका थेट मालकाच्या हाती देणार होती आणि उरलेला भाडेकरूने भरायचा होता.

"भाडेकरू बुडवील, पालिका कशाला बुडवील?" कुलूपवाला म्हणायचा.

"पालिका बुडवत नाही," त्याची बायको म्हणायची, "नुसती वाट बघायला लावते. तेवढ्यात माणूस आपणहून बुडतो."

ही खोली एका सासू-सुनेला मिळायची होती. म्हातारीने सारा जन्म इस्पितळात आया म्हणून काढला. मुलगा इमारती रंगवायचा. एक दिवस परांची मोडून तो खाली आला आणि जागीच गेला, आणि पुढच्या काही महिन्यांत घरही गेलं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे तर वासे फिरायच्या आधी मालकच फिरला. सून गाद्यांच्या कारखान्यात शिलाई करायची. दिवसभर लोकांच्या गाद्या शिवायच्या आणि संध्याकाळी निवाऱ्यातल्या लोखंडी खाटेवर येऊन पडायचं. कारखान्यातल्या बायका तिची थट्टा करत, "तू म्हणजे हलवायाच्या घरची उपाशी मांजर गं." ती हसायची. हसणं सोपं पडतं, असं तिला वाटत असावं.

निवाऱ्याचा नियम कडक होता. संध्याकाळची घंटा झाली की हजेरी. हजेरी चुकली की खाट दुसऱ्याला. आणि सकाळी सगळ्यांनी बाहेर. मग म्हातारी इस्पितळात जाऊन बाह्यरुग्णांच्या बाकावर बसायची. ती जागा तिच्या ओळखीची. तिथून कुणी उठवत नाही, हे तिला आतून ठाऊक होतं. नव्या आया विचारायच्या, "कुणाला दाखवायचंय आजी?"

"नंबर यायचाय," ती सांगायची.

"राहता कुठे?"

"इथेच जवळ."

हे उत्तर तिने इतक्यांदा दिलं होतं की त्यात खोटं किती हे तिलाही सांगता आलं नसतं. पण प्रत्येक वेळी देताना ती पदर सारखा करायची.

खोली मंजूर होण्याआधी एक तपासणी व्हायची होती. कचेरीतल्या माणसाने सुनेला बजावलं होतं, "खोली रिकामी असावी. सही होईपर्यंत पाय ठेवायचा नाही." पाय ठेवायचा नाही म्हणजे राहायचं नाही, झाडायला हरकत नसावी, असा तिने अर्थ लावला. तपासणीच्या आदल्या दिवशी कारखाना सुटल्यावर ती सासूला घेऊन तिथे गेली. कुलूपवाल्याने किल्ली दिली.

"साफसफाई करा आणि किल्ली परत आणा हं सूनबाई," तो म्हणाला. "ओसरी दिली की लोक हातपाय पसरतात म्हणतात."

"आमचे हातपाय पसरायला ताकद कुठाय काका," म्हातारी म्हणाली. "आहेत तेवढे दुमडून ठेवतो."

सुनेने कारखान्यातून एक गादी आणली होती. उरलेल्या कापसाची, चिंध्यांची. एक बाजू पट्ट्यांची, दुसरी फुलांची. जेवणाच्या सुटीत ती थोडी थोडी शिवत आली होती. खोलीच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवायची, एवढाच तिचा बेत होता.

म्हातारीने फरशी पुसली ती इस्पितळातल्यासारखी, कोपऱ्यांपासून दाराकडे येत. मग काच पुसली. मग नळ सोडून बघितला, बंद केला, पुन्हा सोडला. आणि "जरा टेकते" म्हणून गादीवर बसली.

"आई, उठा. घंटा होईल."

"उठते."

"आई."

"अगं, पायात गोळे आलेत बघ. दमानं उठते."

उठली नाही. आडवी झाली, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "या भिंतीला वास नाही गं कसला."

सून दारात उभी राहिली. निवारा लांब होता. सासूला ओढत नेलं असतं तर कदाचित पोचल्याही असत्या. मला ते नक्की सांगता येत नाही. तिने बाहेर बघितलं, मग आत बघितलं.

"एकच रात्र हं आई. सकाळी तपासणीच्या बाई यायच्या आत सगळं उचलायचं."

"उचलू की. मी काय इथं मुळं सोडणार आहे का?"

मग सुनेनेही चपला काढल्या. जुन्या साडीचा तुकडा खिडकीला पडद्यासारखा लावला. कुलूपवाल्याने दुकान बंद करताना उजेड पाहिला आणि मान फिरवली. बायकोला तो काही बोलला नाही.

सकाळी म्हातारीला चहा हवासा वाटला. कुलूपवाल्याच्या बायकोने स्टोव्ह दिला आणि सून दूध आणायला कोपऱ्यावर गेली. परत येऊन चहा घ्यायचा आणि पसारा आवरायचा, असं तिच्या मनात होतं. वेळ होता.

पण योजना वाढली तसं तपासणाऱ्यांचं कामही वाढलं होतं, आणि बाई पहाटेच घराबाहेर पडत होत्या. सून दूध घेऊन परतली तेव्हा दारात अनोळखी सँडल होते. तपासणीसबाई गादीवर बसलेल्या होत्या, कारण म्हातारीने त्यांना हाताला धरून बसवलं होतं.

"बसा हो. आमच्याकडे येणाऱ्या तुम्ही पहिल्याच. ही बघा, सून आलीच. अगं, पाहुण्यांना चहा टाक."

सुनेच्या हातातली दुधाची पिशवी दाबली गेली. "मॅडम, आम्ही झाडायला आलो होतो," ती घाईने म्हणाली.

बाई उठल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी नळ बघितला, काच बघितली, दाराची कडी लावून काढून बघितली. "खोली चांगली आहे," त्या म्हणाल्या, आणि पडद्याकडे पाहून थांबल्या. "निवाऱ्यात काल तुमची हजेरी नव्हती. सकाळीच कळलं मला. म्हातारं माणूस आहे, बरं नसेल, असं मी धरून चालले होते." मग म्हातारीकडे वळून, सावकाश, "आजी, काल तुम्हाला बरं वाटत नव्हतं का? दवाखान्यात होतात का?"

सुनेला कळलं, बाई मदतीचा हात पुढे करतायत. तिने सासूकडे पाहिलं. तिचा हात धरावासा वाटला. पण बाई बघत होत्या.

म्हातारी ताठ झाली. इस्पितळाच्या बाकावर बसून बसून जो प्रश्न ती चुकवत आली होती, तो आज कुणीतरी विचारतंय असं तिला वाटलं असावं. आणि आज तिच्याकडे उत्तर होतं.

"दवाखान्यात कशाला?" ती म्हणाली. "मला काय धाड भरलीय? राहतो आम्ही इथं."

"आजी, नीट आठवून सांगा. झाडायला आलात आणि उशीर झाला, असं ना?"

"उशीर कसला? आमचं घर आहे हे. ही गादी हिने शिवली. पडदा बघा. इथंच झोपले मी, आणि कित्येक दिवसांत अशी झोपले नव्हते."

स्टोव्ह भणभणत होता.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मागच्या महिन्यात मी एकांना असंच सोडलं," त्या सुनेला म्हणाल्या, हळू आवाजात. "ते मालकाचे मेहुणे निघाले. आधीपासून तिथेच राहणारे. आता आमच्यावरही नजर असते. ज्यांना राहायला जागा आहे, त्यांना मदत नाही."

"जागा कुठाय मॅडम? तुम्ही दिलीत तर आहे."

"पुन्हा अर्ज करा."

"रांग केवढी आहे?"

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. आता सगळ्यांनाच अर्ज करता येत होता, तेव्हा उत्तराची गरजही नव्हती. चहा न घेता त्या गेल्या. जाताना सँडल घालायला त्यांना वेळ लागला.

कुलूपवाला दारात येऊन उभा होता. "मी भाडं घेतलेलं नाही हो," तो तपासणीसबाईंच्या पाठीला दोनदा म्हणाला. मग सुनेकडे न बघता, "सूनबाई, मला थांबता येत नाही. दुपारी ते रांगेतल्या पुढच्यांना पाठवतायत. खोली पास झालीय ना."

"हो काका. खोली पास झाली."

म्हातारी स्टोव्हशेजारी उकिडवी बसली होती. "मी चुकीचं बोलले का गं?"

सून गादी गुंडाळत होती. "नाही आई. खरंच बोललात."

"मग?"

"मग काही नाही. पाय उचला, गादी अडकलीय."

बाहेर पडण्याआधी म्हातारीने पुन्हा फरशी पुसली. कोपऱ्यांपासून दाराकडे येत, आपल्या पावलांचे ठसे पुसत. नको म्हणून सांगितलं तर म्हणाली, "दुसरं माणूस यायचंय. पलंग रिकामा झाला की आधी फरशी." पडदा मात्र तिने काढला नाही. सुनेनेच काढला.

संध्याकाळी घंटेच्या आधी त्या निवाऱ्याच्या फाटकाशी आल्या. पहारेकरी ओळखीचा. त्याने दोघींकडे पाहून मान हलवली. "काल वाट बघितली मी. दोन्ही खाटा गेल्या की हो. म्हाताऱ्यांच्या खोलीत एक आहे. आजींना घेतो. तुम्हाला नाही जमणार ताई. आणि ही गादी आत चालत नाही, ढेकूण होतात."

"नवी आहे," सून म्हणाली.

"नवी असली तरी."

"हिला घ्या आत," म्हातारी म्हणाली. "मी बसेन बाहेर. मला झोप कुठं लागते."

"सकाळी तर म्हणालात चांगली लागली," सून म्हणाली, आणि जवळजवळ हसली. "जा आई. मी कारखान्यात झोपते. मालकाने किल्ली दिलीय."

"दाखव."

सुनेने गादी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "आत जा. फाटक लावतायत ते."

म्हातारी बघत राहिली. सुनेच्या कमरेला किल्ली नव्हती, मुठीत नव्हती. काल होती ती खोलीची, आणि ती दुपारी परत गेली. घंटा झाली. पहारेकऱ्याने म्हातारीच्या दंडाला हात लावला, जोर न लावता, आणि ती आत गेली.

हजेरीच्या टेबलाशी नवी मुलगी बसली होती. तिने नाव, वय लिहून घेतलं. "जवळचं कुणी?"

"सून."

"राहते कुठे ती?"

फाटकाच्या गजांतून समोरची भिंत दिसत होती. भिंतीशी सून गादी उलगडत होती. फुलांची बाजू खाली गेली, म्हणून तिने ती उलटी केली. मग खाली जाईल ती कुठलीही बाजू मळणारच हे लक्षात येऊन पुन्हा सुलटी केली.

म्हातारीने पदर सारखा केला.

"इथेच जवळ," ती म्हणाली.