रागाची तपासणी

आमच्या लॅबमध्ये नवं मशीन आलं की पहिलं रक्त आमचंच जातं. पेशंटवर प्रयोग नकोत, हा मोठ्या सरांचा नियम. या वेळी मशीन हार्मोन्सचं होतं, आणि विभागप्रमुखाची जागा रिकामी होती. हक्कदार दोनच, मी आणि थंडोबा. लॅबला आग लागली तरी हा माणूस आधी चहा संपवेल, म्हणून ते नाव.

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे खरंच. चुकीची चिठ्ठी लावलेली नळी दिसली की मी ओरडते. ओरडते म्हणूनच आजवर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या हातात गेला नाही. पण सर म्हणायचे, "बाईंच्यात पुरुषी हार्मोन जरा जास्तच दिसतंय," आणि सगळे खिदळायचे. म्हणून मीच हट्टाने बाही वर केली. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.

माझं टेस्टोस्टेरॉन बायकांच्या मर्यादेत, अगदी मधोमध निघालं. मी रिपोर्ट सरांपुढे आपटला.

"अरे वा," सर म्हणाले. "म्हणजे धडाडी बेताचीच. प्रमुखाला जरा जोर लागतो हो, बाई."

"मग थंडोबा? त्याचं तर पुरुषांच्या मर्यादेत तळाला आहे!"

"म्हणून तर डोकं शांत. प्रमुख असाच हवा."

म्हणजे रक्त काहीही बोलो, निकाल आधीच लागलेला. माझं तोंड उघडलं आणि मिटलं. ओरडले असते तर म्हणाले असते, बघा, बाईंचं हे असं. गप्प बसले तर जोर नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"राग नाही ना आला?"

"नाही, सर."

घरी आले तर लेक दारातच उभी. तिची खोली मी तिच्या आत्याला देऊन टाकली होती, तिला न विचारता.

"माझं सामान कोणी हलवलं? एका शब्दाने तरी विचारायचंस ना, आई!" आवाज पार जिन्यापर्यंत गेला.

माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं. "पुरे गं," मी म्हटलं. "वयच आहे तुझं. हार्मोन्स असतात, दुसरं काही नाही."

तिचं तोंड उघडलं आणि मिटलं.

चप्पल काढता काढता माझा हात थांबला. "राग आला?"

"नाही, आई," ती म्हणाली, आणि आत जाऊन आत्याच्या उशीला अभ्रा घालायला लागली.