माती जिवंत करणारा दिवा

बाजाराच्या दिवशी आंब्याखाली एवढी गर्दी लोटली होती की भाड्याने फटफट्या चालवणारे बोडाबोडावाले गिऱ्हाइकं सोडून सीटवर उभे राहिले होते. मध्ये संदेष्टा झेबेदी. अंगात पांढरा झगा आणि वर प्रयोगशाळेतला पांढरा कोट, म्हणजे देव आणि विज्ञान दोघांपैकी कुणालाच वाईट वाटायला नको. हातात खाली दोन टोकं फुटलेली लोखंडी काठी, तिच्या मुठीवर चिमुकला दिवा.

त्याने काठी कोरड्या मातीत खुपसली. दिवा लागला नाही.

"मेली," तो हळहळला. "तुमच्या आज्यांनी जपलेली माती तुम्ही मारलीत."

मग त्याने निळ्या बाटलीतलं जीवनजल ओतलं आणि काठी पुन्हा खुपसली. दिवा लखकन लागला. बायकांनी जिभा हलवून आनंदाची किलकारी दिली.

मंचावर झेबेदीच्या उजव्या हाताला बसून मान डोलावत होता मृदाशास्त्रज्ञ डॉक्टर ओबुरा. बाटलीतलं औषध त्याने तपासलं होतं, पण फक्त आम्लता. आठ वर्षं आम्लतेवर अभ्यास केल्यामुळे मातीत दुसरंही काही असतं हे त्याच्या डोक्यातून गेलं होतं. शिवाय पहिल्याच भेटीत झेबेदीने त्याच्या शोधनिबंधातली दोन वाक्यं तोंडपाठ म्हणून दाखवली होती. तो निबंध ओबुराच्या बायकोनेही वाचला नव्हता. असा माणूस लबाड कसा असेल?

गेल्या आठवड्यात तर ओबुराने एक बाटली स्वतःच्या आईला भाजीच्या वाफ्यांत घालायला दिली होती. पानांच्या कडा करपल्या तेव्हा तो झेबेदीच्याच थाटात म्हणाला होता, "रोग बाहेर पडतोय." आईने एक करपलेलं पान खुडून निरखलं होतं.

आज जिल्ह्याच्या शेतीखात्याच्या अपोंडी मॅडम मुद्दाम आल्या होत्या. ओबुराने शिफारशीवर सही केली की मोठ्या पावसाआधी हे औषध तीनशे शेतांत पडणार होतं. 'शास्त्रज्ञ, शेतकरी आणि सरकार एकाच मंचावर' असा फलक वर फडकत होता. फक्त शेतकऱ्यांना खुर्ची द्यायची राहून गेली होती.

एवढ्यात न्यार-उयोमा पुढे आली. तिचं माहेर उयोमाचं, म्हणून 'उयोमाची लेक' या अर्थाने सासरी सगळे तिला याच नावाने हाक मारत. शेती सांभाळून ती तीस वर्षं बाजारात ओडोवा, म्हणजे गरोदर बायकांना जिचे डोहाळे लागतात ती माती, विकत होती. कुठला खडा कुठल्या टेकडीचा, हे ती जिभेवर ठेवून सांगायची. तिने ओल्या मातीची चिमूट जिभेला लावली आणि थुंकली.

"खारट आहे."

झेबेदी गोड हसला. "आई, जीवनाची चव खारटच असते. अश्रू खारट, रक्तही खारट."

गर्दीला ते पटलं. ओबुरालाही वाक्य इतकं आवडलं की तो ते वहीत टिपून घेणार होता. मग त्याने वहीतली तपासणीची पानं उलटली. मीठ तपासलं होतं का? नव्हतं. गप्प बसावं, सही करावी आणि पुढे कधीतरी यावरच एक निबंध लिहावा, असा विचारही त्याच्या मनात येऊन गेला.

"डॉक्टर," न्यार-उयोमाने विचारलं, "तू तरी नीट बघितलंस का रे?"

"नाही," ओबुरा म्हणाला. मंचावरून त्या दिवशी बोललं गेलेलं ते पहिलं खरं वाक्य होतं.

न्यार-उयोमाने शेजारच्या खानावळीतून ओमेना या बारीक माशांच्या कालवणाचं पातेलं आणलं आणि काठी त्यात बुडवायला सांगितली. झेबेदी काठी छातीशी धरून मागे सरकला. ती पवित्र आहे, म्हणाला.

"बुडवा," अपोंडी मॅडम म्हणाल्या. "कागद माझ्या खात्यात येणार आहे."

दिवा मातीतल्यापेक्षा झगझगीत लागला.

"हे मासे वाळवून आठवडा झाला," न्यार-उयोमा म्हणाली. "जिवंत झाले का?"

हसून हसून एक बोडाबोडावाला सीटवरून खाली आला. तेवढ्यात झेबेदी कोट उतरवून झग्यानिशी सटकला. कोट मात्र खुर्चीवर आणि काठी पातेल्यातच राहिली.

मग ओबुरा खाली उतरला. एका भांड्यात त्याने पावसाचं पाणी घेतलं. दिवा ढिम्म. त्यात मूठभर मीठ टाकलं, तर दिवा लागला. काठीच्या मुठीत बॅटरी आहे, त्याने सांगितलं, आणि खारं पाणी दोन टोकांमधून वीज वाहून नेतं. यात जीव नाही आणि चमत्कारही नाही. हे मीठ शेतात साचलं असतं तर मुळांना ओल्या मातीतूनही पाणी ओढता आलं नसतं.

"झेबेदीने तुम्हाला फसवलं, पण खुर्चीत बसून मान मी डोलावली," तो म्हणाला. "माझी पदवी बघून विश्वास ठेवू नका. कुणीही चमत्कार दाखवला, तर तोच प्रयोग साध्या पाण्यावर करून मागा. मलाही सोडू नका."

अपोंडी मॅडमनी शिफारशीचा कागद फाडला. यापुढे कुठलंही औषध आधी गावातल्या तीन शेतांत, शेतकऱ्यांच्या देखत, एक हंगामभर बघायचं, असं त्यांनी तिथेच लिहून काढलं आणि सहीसाठी कागद पहिल्यांदा न्यार-उयोमापुढे धरला.

संध्याकाळी ओबुरा आईकडे गेला. मान खाली घालून म्हणाला, "आई, चुकलं माझं. रोग वगैरे काही बाहेर पडत नव्हता."

आई त्याला घरामागे घेऊन गेली. करपलेल्या वाफ्याशेजारी तसाच दुसरा वाफा होता, हिरवागार.

"याला मी तुझं औषध घातलंच नव्हतं," ती म्हणाली. "नाहीतर फरक कसा कळला असता?"