पन्नास ग्रॅमची रेघ

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे, तान्ह्या बाळांचा. बाळंतिणींच्या दवाखान्यात अडगळीच्या खोलीत मोडक्या खाटेवर पडून आहे. दिसायला मी दणकट आहे, पण खरं सांगायचं तर मी भित्रा आहे. ही भीती जन्मापासूनची नाही. ती मला कामातून लागली.

कारखान्यात मी तयार झालो तेव्हा माझा काय तोरा होता! पत्र्याचं अंग, वर बाळ निजेल असं पसरट तबक, समोर गोल तबकडी आणि तिच्यावर काळी सुई. तबकडीवर पन्नास-पन्नास ग्रॅमच्या रेघा आहेत. त्याहून बारीक मला कळत नाही. बाळ आठवड्यागणिक वाढतंय की नाही, हे सांगायला तेवढं पुरतं.

मला विकत घेतलं ते बाळांच्या दुधाची पावडर बनवणाऱ्या एका कंपनीने. तिने माझ्या तबकडीवर आपल्या डब्याचं चित्र छापलं आणि मला दवाखान्याला भेट दिलं. मला घेऊन आलेल्या विक्रेत्याला सिस्टर माघारी ‘गोडबोल्या’ म्हणत. त्याने एक पद्धत शिकवली. पाजण्याआधी बाळाला तोलायचं, पाजून झाल्यावर पुन्हा तोलायचं. वजन जेवढं वाढेल, तेवढं आईचं दूध. सगळ्यांना हे पटलं. काट्यावर कोण शंका घेणार?

पण मित्रांनो, दोन-तीन दिवसांचं बाळ एका वेळी दोन-चार चमचेच दूध पितं. त्याचं पोटच तेवढं असतं. तेवढ्याने माझी सुई जागची हलत नाही. मला हे ठाऊक होतं, पण सांगायला मला तोंड कुठे होतं?

एकदा कोपऱ्यातल्या खाटेवर शिवणकाम करणारी एक पहिलटकरीण आली. तिला मुलगी झाली. नाव अजून ठरायचं होतं, म्हणून सगळे तिला पिटुकली म्हणत. आईने पाजलं की सासूबाई पिटुकलीला उचलून माझ्यावर ठेवत. एका दिवसात पाच वेळा ठेवलं. पाचही वेळा सुई होती तिथेच. सासूबाई काही खाष्ट नव्हत्या, त्या घाबरल्या होत्या. सुनेचा चेहरा तर पांढराफटक पडला. गोडबोल्या जवळच होता. त्याने गोड हसून फुकटचा डबा तिच्या हातात ठेवला.

तीन आठवड्यांनी पिटुकली परत आली, तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. फुकटचा डबा संपला होता. दुसरा, विकतचा, पुरवून वापरायचा म्हणून घरी निम्मीच पावडर घालत होते. बाटलीची सवय लागल्यामुळे ती अंगावर ओढत नव्हती, त्यामुळे आईचं दूधही आटत चाललं होतं. तिला माझ्यावर ठेवलं आणि सुई जन्माच्या वजनाच्याही मागे थांबली. डोळे खोल गेलेले, रडायला आवाज नाही. माझ्या सगळ्या स्प्रिंगा गारठल्या.

“अंगावर पाजायचं का थांबवलंस गं?” मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

आईने माझ्याकडे बोट दाखवलं. “काटाच म्हणाला ना, दूध नाही.”

मोठ्या सिस्टर पाणी आणि चमचा घेऊन आल्या. त्यांनी एक वाटी माझ्यावर ठेवली आणि तिच्यात चमच्याने पाणी घातलं. एक, दोन, तीन, चार. सुई हलली नाही. तशा त्या मटकन स्टुलावर बसल्या. गोडबोल्याची ती पद्धत त्यांनी स्वतः सगळ्या सिस्टरांना शिकवली होती.

मग डॉक्टर धावले. पिटुकलीला आईच्या उघड्या छातीशी झोपवलं. ती जमेल तेवढं ओढी, उरलेलं आई हाताने काढून वाटीने पाजी, आणि कमी पडेल तेवढी पावडर बरोबर मापाने दिली जाई. सासूबाई सुनेची पाठ चोळत बसत. रोज सकाळी एकदाच पिटुकली माझ्यावर यायची, आणि सुई मागे गेली तर काय, या धास्तीने मी अर्धमेला व्हायचो. सहाव्या सकाळी सुईने एक रेघ ओलांडली. सासूबाई तिथेच रडल्या.

पुढे सरकारी नियमाचा कागद आला. पावडरीच्या कंपन्यांच्या भेटी, फुकटचे डबे आणि चित्रं दवाखान्यातून हद्दपार झाली. गोडबोल्याचं येणं बंद झालं आणि मी इथे आलो. अडगळीत टाकल्याचा मला राग नाही.

मित्रांनो, मला कधी बाहेर काढलंत, तर आधी ते चित्र खरवडून टाका. आठवड्यातून एकदा बाळ माझ्यावर ठेवा, मी खरंच सांगेन. पण आईचं दूध माझ्यावर तोलू नका. तिला दूध नाही असं वाटलं, तर तिच्याजवळ बसा, बाळ कसं ओढतंय ते बघा, तिला धीर द्या.

पिटुकली परत आली, म्हणून तिचं मला कळलं. तिच्याआधी कितीतरी आया माझी न हललेली सुई बघून, डबा घेऊन घरी गेल्या. त्या परत आल्याच नाहीत. त्यांची बाळं कशी आहेत, हे मला कोण सांगणार?